घासलेटाने धुतलेलं इंजिन आणि माझी पहिली भिलाई

भिलाईला जायचं ठरलं ते अक्काच्या पत्रातल्या एका ओळीमुळे. ‘डंपरचं इंजिन बसलं, यांना वर्कशॉपातून काढून खडी उचलायला लावलं आहे.’ अक्का माझी थोरली बहीण. पोलादाचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहत होता आणि भाऊजी तिथे एका ठेकेदाराकडे मेकॅनिक होते. मी नागपुरात ट्रकच्या गॅरेजमध्ये. इंजिन का बसलं हे मला वाचता वाचताच कळलं. ऑइल बदलताना थोडं जुनं काळं तेल आत राहतंच. तेव्हा घासलेट ओतून इंजिन जरा फिरवा, सांडा, मग नवं भरा, असं भाऊजींना मीच लिहिलं होतं.

आता नागपूरहून भिलाईजवळच्या दुर्गला चारेक तास लागतात. माझ्या पॅसेंजरने सगळा दिवस खाल्ला. गोंदियाला चहा घेतला, डोंगरगडला गाडी इतकी थांबली की भाकर-ठेचा खाऊन एक डुलकीही झाली. समोर एक म्हातारा बसला होता.

“भिलाईले? भरतीसाठी चाल्ला का?”

“नाही, बहिणीकडे.”

“बहिणीकडे जाणाऱ्याचं तोंड असं नसते, बाप्पा.”

दुर्गला उतरून सिमेंटच्या ट्रकवर बसलो. लाल धूळ दातांत कचकच करत होती. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळा टाळा. धूळ आता तेवढी नाही, पण ऊन तेच आहे. रुआबांधा नावाच्या मजूरवस्तीत अक्काच्या झोपडीशी पोचलो तेव्हा अंधारून येत होतं. भाऊजी दारातच बसले होते. तळहात खडीने फाटलेले.

“जयभीम. तू कावून आला?” ते म्हणाले.

“माझ्या पत्रानंच झालं ना हे? साहेबाले सांगितलं का तुम्ही?”

“काय सांगू? साळ्यानं लिवलं म्हणून केलं? हात तर माहाच होता.”

अक्काने दोघांपुढे ताटं ठेवली.

सकाळी मी भाऊजींना घेऊन ठेकेदाराच्या शेडवर गेलो. फोरमन पंजाबी होता, वयस्कर, दाढीत ग्रीस. मी त्याला मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही. उघडलेल्या इंजिनापाशी नेऊन त्याने बेअरिंगची वाटी माझ्या हातात दिली. वरचा थर खरवडून निघाला होता.

“घासलेट पूरा निकलता कहाँ है? नलियों में बैठा रहता है. नया तेल उसी में मिलके पानी हो गया,” तो म्हणाला. “थोड़ा पुराना तेल रह भी जाए, तो है तो तेल ही ना?”

“तो क्या करना चाहिए था?”

“गाड़ी समतल पे खड़ी करो, इंजन गरम रहते नीचे का बोल्ट खोलो, और आखिरी बूँद तक बैठे रहो. फिल्टर बदलो. बस. पर बैठने का टाइम यहाँ किसके पास है?”

मग भाऊजींकडे वळला. “चिट्ठी की बात बताई क्यों नहीं?”

भाऊजी माझ्या हातातली वाटी घेऊन पुसू लागले. फोरमनने पाना माझ्या पुढ्यात टाकला. दोघं मिळून इंजिन परत बांधा, म्हणाला, मग बघू.

तीन दिवस आम्ही त्या इंजिनाखाली पाठीवर पडून होतो. तेलाची एकेक नळी तार घालून, हवा मारून मोकळी केली, बेअरिंगच्या नव्या वाट्या बसवल्या. कारखाना बघायला लोक दुरून येत होते. मी वर मान करून एक चिमणीसुद्धा पाहिली नाही. तिसऱ्या दुपारी इंजिन सुरू झालं, तेलाच्या दाबाचा काटा चढला आणि तिथेच राहिला. भाऊजींनी डोळे मिटले. फोरमन म्हणाला, “कल से शेड में आ जाना. पर अभी इंजन नहीं, ग्रीस का काम.” इंजिनावर परत घ्यायला त्याने पुढे कितीतरी महिने लावले.

निघताना अक्का वाटेपर्यंत आली. “तुह्या पत्रात पानभर इंजिन होतं,” ती म्हणाली. “बहीण कशी हाय, ते एका ओळीत तरी इचारत जा.”

परतीची गाडी आठवत नाही, झोपलो असेन. त्यानंतर भिलाईला कितीदा तरी गेलो. भाऊजींना पुढे कारखान्यातच नोकरी लागून सेक्टर दहात क्वार्टर मिळालं तेव्हा सहकुटुंब गेलो, कारखानाही पाहिला. पण भिलाई म्हटलं की मला ती तीन दिवस दुखणारी पाठ आठवते, आणि माझं नाव न सांगता खडी उचलणारा माणूस.

त्या पहिल्या खेपेहून घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. एक ट्रकवाला आला, म्हणाला घासलेट मारून धुऊन द्या, लवकर. मी नाही म्हटलं. तो चिडला, समोरच्या गॅरेजचं नाव घेतलं. मी इंजिन गरम असतानाच खालचा बोल्ट काढला आणि बाजूला जमिनीवर बसलो. आधी धार, मग थेंब.

“झालं ना आता?” त्याने विचारलं.

“थेंब पडून राह्यले अजून,” मी म्हणालो, आणि उठलो नाही.