आगीने सुटलेला सांधा

दिनांक ११ फेब्रुवारी, रविवार. लाल गाडीत माणसे दोन. उताराच्या कडेने टाळ्या वाजवत उभी असलेली सुमारे चारशे. संध्याकाळी मोजदाद झाली असती तर चारशे दोन भरली असती. ती कोणी केली नाही. जिवंत माणसे मोजण्याची गरज समाजाला शिरगणती आणि मतदान सोडून सहसा भासत नाही.

या मोजदादीशी ज्याचा संबंध आहे त्या मिस्त्रीला गॅरेजात ‘सावकाश’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. वय त्रेपन्न. गॅरेज त्याच्या मेहुण्याचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे. राहण्याच्या दोन खोल्याही गॅरेजाच्या माथ्यावर, मेहुण्याच्याच. त्यामुळे सावकाशच्या वाट्याला एक दुर्मीळ पद आले होते: वरच्या मजल्यावर जावई, तळमजल्यावर गडी. मेहुणा त्याला ‘दाजी’ अशी आदराने हाक मारी आणि त्याच दमात खडसावी. मान आणि अपमान एकाच ताटात वाढण्याची ही सोय ज्याने काढली, तो खरा अर्थशास्त्रज्ञ.

लाल गाडी चाळीस वर्षांपूर्वीची. बुटकी, दोन आसनांची, उभी असतानाही धावत असल्याचा आव आणणारी. तिचे मालक निवृत्त न्यायमूर्ती. जुन्या गाड्यांच्या फेरीत ते ती टेकडीवरून खाली आणणार होते, शेजारच्या आसनावर नऊ वर्षांची नात. फेरीला बक्षीस होते, आणि अट अशी की गाडीचे सगळे भाग कारखान्यातून निघाले तेव्हाचेच असावेत. स्वतःचे दात, गुडघे आणि डोळ्यांतली भिंगे बदलून घेतलेल्या मंडळींनीच ही अट घातली होती.

स्टिअरिंग डावीकडे वळवताना अडखळत होते. दुरुस्तीसाठी ते उतरवायचे, तर आधी त्याची दांडी चाकापासून सोडवायला हवी. ही दांडी जिथे चाकाच्या लोखंडी हाताला मिळते तिथे एक सांधा असतो: वर गोळा, खाली निमुळता खुंटा, आणि तो खुंटा हाताच्या भोकात घट्ट रुतलेला. नट सुटला, खुंटा हलेना. चाळीस वर्षांच्या गंजाने दोघांचे असे जमले होते की अनेक विवाहितांनी हेवा करावा.

सावकाशची रीत ठरलेली. नट पूर्ण काढायचा नाही, तीन आटे धरून ठेवायचा, म्हणजे सांधा अवचित उडाला तरी कोणाचे थोबाड फुटत नाही. सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचे. सांधा ओढून काढणारा पुलर आवळून ताण द्यायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचे. मग दोन हातांत दोन हातोड्या घेऊन भोकाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी ठोका. खुंट्यावर कधीच नाही. असा निघालेला सांधा साफ करून पुन्हा बसवता येतो. आणि एक नियम: गॅसच्या ज्योतीने सोडवलेला भाग परत गाडीत जाणार नाही. तापून निळे पडलेले पोलाद आतून कसे झाले आहे, हे डोळ्यांना कळत नाही, आणि हा सांधा तुटला की चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही.

“दाजी, सांध्याला तेल पाजताय की बाळसं आणताय?” बुधवारी मेहुण्याने विचारले.

“सुटेल.”

“कधी? न्यायमूर्तींच्या पुढच्या जन्मी?”

“परवा.”

गुरुवारी दुपारी सावकाश वर जेवायला गेला. मेहुण्याने ज्योत पेटवली, सांधा लाल केला आणि घण घातला. सावकाश हात पुसत खाली आला तेव्हा सांधा फरशीवर पडला होता, आणि मेहुणा किल्ला सर केल्यासारखा उभा होता.

“बघा. तुमचे पाच दिवस, माझी दहा मिनिटं.”

सावकाशने तो पकडीने उचलला. रबर जळून गेले होते, खुंट्याची मान निळी पडली होती. “फळीवर नवा आहे. तो बसवतो.”

“नवा बसवला की बक्षीस गेलं. याला काळा रंग मारा, नवं रबर चढवा. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“उतारावर कळेल.”

“दाजी, गॅरेज माझं आहे.”

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळे ऐकून घेतले. “अहो, तुमचंच बरोबर असेल. पण तो माझा भाऊ आहे, आणि आपण त्याच्या छपराखाली राहतो. या वयात कुठे जायचं आपण?”

“त्या गाडीत नऊ वर्षांची मुलगी बसणार आहे.”

तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. “मग मला विचारता कशाला? मी नाही म्हणाले तर ऐकणार होतात?”

शुक्रवारी न्यायमूर्ती आले. सावकाशने निळी मान त्यांच्यासमोर धरली आणि घडले ते सांगितले. मेहुण्याने घसा खाकरून पाहिला, पण उपयोग झाला नाही.

“हा तुटेल, याला पुरावा?” न्यायमूर्तींनी विचारले.

“तुटल्यावर मिळेल, साहेब.”

“म्हणजे आज नाही.”

“आज नाही.”

“मग बसवा. मूळ भाग तो मूळ भाग.”

संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व न्यायमूर्तींनी जन्मभर निष्ठेने पाळले होते. आरोपी लोखंडाचा आहे एवढ्यावरून ते कसे सोडतील? तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्यांचीच नात बसली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तिने वकील दिला नव्हता.

सावकाश टेबलाशी गेला, सांधा शिकंज्यात आवळला आणि करवतीने खुंटा मानेपाशी कापू लागला. कोणी त्याला अडवले नाही. हा माणूस असे काही करील यावर दोघांचा विश्वासच बसेना, आणि बसला तोवर दोन तुकडे झाले होते.

मेहुण्याने तुकडा हिसकावून उजेडात धरला. कापलेला भाग स्वच्छ, चकचकीत होता. “कुठाय तडा? दाखवा ना! एक रेघ तरी दाखवा!”

सावकाशने पाहिले. “दिसत नाही.”

“उद्यापासून येऊ नका, दाजी.”

“उद्यापासून ना? मग आज नवा बसवून जातो.” त्याने तो बसवला, नट आवळला, पिन दुमडली, सकाळीच दुरुस्त करून ठेवलेले स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिले आणि वर गेला.

तो जुना सांधा उतारावर तुटला असता की आणखी वीस वर्षे चालला असता, हे सावकाशला ठाऊक नव्हते आणि कधी कळणारही नाही. न घडलेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. म्हणून तो टाळणारा माणूस कायम आगाऊ ठरतो. आणि टाळला नसता, तर त्याच चारशे माणसांनी ‘मिस्त्री झोपला होता काय?’ असे एकमुखाने विचारले असते.

रविवारी गाडी उतरली. बक्षीस दुसऱ्याच गाडीला मिळाले. तिसऱ्या वळणावर नातीला मळमळले. दिवसभरातली सर्वांत गंभीर दुखापत तीच. न्यायमूर्तींनी सोमवारी मेहुण्याला पत्र लिहिले, ‘मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान’ हे शब्द अधोरेखित करून.

आठ दिवस सावकाश वरच्या खोलीत खिडकीशी बसून राहिला. बायकोने त्या दिवसांत भावाशी बोलणेच टाकले. खोल्या सोडा असे मेहुणा म्हणाला नाही. सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढले तर लोक काय म्हणतील, याची भीती त्याला न्यायमूर्तींच्या पत्राहून मोठी होती. नवव्या दिवशी एका टेम्पोचा सांधा कोणालाच निघेना. मेहुणा जिन्याच्या तळाशी येऊन वर तोंड करून म्हणाला, “दाजी, चहा झाला असेल तर जरा खाली येता का?”

सावकाश गेला. अजूनही जातो. त्या शुक्रवारबद्दल माफी मात्र मेहुण्याने मागितलेली नाही, न्यायमूर्तींनीही नाही.