नाना गाडीत बसेनात

परवा धुळ्यात टायर बदलताना एअरगनचा कर्रर्र आवाज आणि तापलेल्या रबराचा वास एकदम आला, आणि हायवेवरचं आमच्या ओळखीच्या नानांचं जुनं टायरचं दुकान आठवून मला हसू फुटलं.

नट आधी हाताने फिरवून बसवायचा नानांना भारी कंटाळा. तिरपा बसला तरी गन लावायचे, वर पान्ह्याला पाइप घालून त्यावर नाचायचे. त्यांनी बसवलेल्या चाकाचे बोल्ट पारोळ्याच्या पुढे तुटले आणि बायको-पोरांसकट आमची गाडी बाभळीवर जाऊन टेकली; नशिबाने कोणाला लागलं नाही.

मी गुपचूप दुसरीकडे नवे बोल्ट बसवून घेतले. पुढच्या आठवड्यात रावेरला मला आणि नानांना, दोघांनाही लग्नाचं आमंत्रण होतं. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानासमोर गाडी लावून मी प्रेमाने म्हणालो, "चला नाना. चाक तुम्हीच बसवलेलं, कोणी हात लावला नाही."

नाना चाकाकडे बघत राहिले. "मी एसटीने येतो, भाऊ."

"का? काम कच्चं होतं?"

"नटाचे आटे चाक बसवतानाच गेले होते," ते पुटपुटले.

 मग एक ट्रकवाला आपल्या ट्रकच्या सगळ्या चाकांकडे बोट करत शांतपणे म्हणाला, "नाना, मना गाडीना बठ्ठा नट खोला. मी आठेच उभा शे."

रावेरपर्यंत मी हसत गेलो. आज मात्र वाटतं, आटे गेलेले माहीत असून या माणसाने माझ्या पोरांना हात हलवून निरोप दिला होता. त्याला ओढून गाडीत बसवायला हवं होतं, आणि नव्या बोल्टांचं रावेर आल्यावरच सांगायला हवं होतं.