मामांच्या मृदंगाची कणीक

आज पोळ्यांसाठी कणीक भिजवताना ओल्या पिठाचा वास आला आणि हात परातीतच थांबला.

कितीतरी वर्षांपूर्वी चारठाण्याला मामांच्या घरी असाच वास भरून राहिला होता. मामा महादेवाच्या भजनात मृदंग वाजवायचे. मी आणि माझा मित्र समीर लॅपटॉपवर नाचाचे ठेके बनवायचो. दोन्ही एकत्र करून आम्हाला अल्बम काढायचा होता. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या, आणि आत नुसता घाम निथळत होता. मामांनी मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापली. तिच्यामुळे आवाज जड होतो, खाली उतरतो. मग हेडफोन लावून त्यांनी आमचा ठेका ऐकला.

"याला कणीक लय झाली रे," ते म्हणाले. "उलीशी काढ. माझा मृदंग बुडायलाय त्याच्यात."

समीर खो खो हसला. मीही हसलो. "मामा, मशीनला कुठली कणीक? नाचाच्या गाण्याला खालचा आवाज, बेस, असाच जड लागतो. तुमी वाजवा."

मामांनी गुपचूप आपल्याच मृदंगावरची कणीक नखानं खरवडली, थाप मारून पाहिली, पुन्हा थोडी खरवडली आणि वाजवायला घेतलं.

त्या अल्बममधला मृदंग किती स्वच्छ ऐकू येतो, असं लोक अजून सांगतात. ते कौतुक मी इतकी वर्षं माझ्याच कामाचं म्हणून स्वतःकडे ठेवलं.

पिठाच्याच हातानं मामांना फोन लावला. "मामा, तेव्हा आमच्या ठेक्याला कणीक खरंच जास्त झाली होती."

"म्हाईत हाय की," मामा म्हणाले. "पण तुमी दोघं इतके खुशीत होते, म्हणून माझीच काढली."