अक्काच्या मागची सीट

आमच्या अक्काची स्कूटर गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जादा चाकं, हँडलला तांबडे गोंडे, आणि मडगार्डवर रिक्षा रंगवणाऱ्या एका पेंटरकडून काढून घेतलेला मोर. त्या मोराचं तोंड जरा कोंबड्यासारखं झालंय, पण ते अक्कासमोर कोणी म्हणत नाही. मागची सीट रिकामी असते. "बस की मागं, सोडते," असं ती मला रोज सकाळी म्हणते आणि "चालतो मी, पाय मोकळे होतात," असं मी रोज सांगतो. पाय मोकळे करायचं कारण आपण कुणाला सांगतोय, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय वाळला. तेव्हापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि दोन काखांत दोन कुबड्या. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहते, पण वेगळी. रेशन कार्ड वेगळं, गॅस वेगळा, लाईटचा मीटरसुद्धा भांडून वेगळा लावून घेतलेला. साड्यांना फॉल-पिको करते. त्यात तिचा किराणा निघतो, आणि सरकारकडून अपंगांची जी पेन्शन येते त्यातून गॅस आणि स्कूटरचं पेट्रोल. माझ्या बायकोचं आणि तिचं चांगलं जमतं, भाजीच्या वाट्या दिवसभर इकडून तिकडं फिरत असतात. तरी कुणी "एकत्रच जेवा की," म्हटलं की अक्का म्हणते, "वाटी यायची-जायची. चूल हाय तितंच राहायची."

मी मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर कारकून आहे. आमच्या कोल्हापुरात माणूस शेजारच्याला हाक मारतो ती पुढच्या पेठेत ऐकू जाते. त्यात मी कमी बोलणारा. लोक म्हणतात, गरीब आहे, शांत आहे. शांत नाही हो मी. पोटात ठेवतो, एवढंच. यंदा जे पोटात राहिलं ते आता लिहून टाकतो.

झालं असं की, अपंगांच्या पेन्शनला सरकार कात्री लावणार असं पेपरात आलं. सगळ्यांची फेरतपासणी होणार, अपंगत्वाच्या टक्क्यांची अट वाढणार, आणि ज्याला स्वतःचं भागवता येतं त्याचं नाव कमी होणार, असा प्रस्ताव आहे म्हणे. पेपरात एवढंच होतं. मोबाईलवर येईपर्यंत त्याला फांद्या फुटल्या. ज्याच्या दारात गाडी आहे त्याची पेन्शन बंद, असं एकानं पाठवलं. ज्याच्या घरात फ्रीज आहे त्याची बंद, असं दुसऱ्यानं. रविवारी अक्काच्या खोलीत तिच्या अपंगांच्या संघटनेची माणसं चहाला जमतात. त्यातले एक आंधळे भजनी बुवा म्हणाले, "मला दिसतंय का ते बघणार म्हणं. मीबी वाट बघतोय, कुणाला तरी दिसू दे." सगळे हसले. पण त्या दिवशी चहा निम्मा तसाच राहिला, हे मी कप उचलताना पाहिलं.

मग तपासणीची तारीख आली. सरकारी दवाखान्याच्या आवारात मांडव घालून सगळ्यांना बोलावलं होतं.

त्या आठवड्यात मी जन्मात जेवढा बोललो नव्हतो तेवढा बोललो. अक्काला म्हटलं, स्कूटर न्यायची नाही, रिक्षानं जायचं. जुनी साडी नेसायची. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि काय जमतं असं विचारलं तर, काही जमत नाही म्हणायचं.

"जुनी साडी कुठनं आणू?" अक्का म्हणाली. "फॉल लावणारीनं फाटकं नेसलं तर गिऱ्हाईक ऱ्हाईल व्हय?"

शेवटी माझ्या बायकोची एक विटकी साडी काढली. मग चालायचा सराव. अक्का उंबऱ्यापासून मशीनपर्यंत नेहमी खटाखट जाते. मी म्हटलं, हळू, थांबत, धाप लागल्यासारखी. ती दोन पावलं गेली, कपाळावर हात मारला, आणि असा काही हंबरडा फोडला की स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"वन्सं, एवढं कण्हू नका," ती म्हणाली. "शेजारची येतील दूध आणि बिस्किटं घेऊन."

"तुझा नवरा शिकवतोय बघ," अक्का म्हणाली. "मला वाटलं मुका हाय. ह्यो तर नाटकाचा मास्तर निघाला."

दोघी भिंतीला टेकून हसत बसल्या. मी नाही हसलो. मला वाटत होतं, ह्यांना गांभीर्य नाही.

आता इथं खरं लिहितो. मी जे करत होतो ते अक्काच्या काळजीनं करतोय, असं बायकोला वाटत होतं, गल्लीला वाटत होतं, आणि मीही तसंच दाखवत होतो. पण भीती वेगळीच होती. पेन्शन गेली तर अक्काची चूल विझणार आणि ती माझ्या चुलीवर येणार. माझ्या पगारात ते बसवायचं कसं, ह्याचा हिशेब मी रोज रात्री पडल्या पडल्या करायचो. जिच्या पाठीवर बसून मी अंगणात घोडा-घोडा खेळलो, ती बहीण मला खर्चासारखी दिसायला लागली होती. आणि हे लपवायला मी तिलाच लंगडी करत होतो, होती त्याहून जास्त.

तपासणीच्या दिवशी रिक्षात बसताना अक्कानं आपल्या मोराकडं एकदा बघितलं.

मांडवात गेलो तर सगळ्यांनाच माझ्यासारखे मास्तर भेटलेले दिसले. दाढी वाढवलेले, बटणं तुटलेले, खालमानेनं बसलेले. मलकापूरहून पहिल्या एसटीनं आलेलं एक कुटुंब पोराला चादरीत गुंडाळून बसलं होतं, ऐन उन्हाळ्यात. एवढे दीनवाणे कोल्हापूरकर मी एका जागी कधी पाहिले नव्हते. सगळे हळू बोलत होते. ते तर त्याहून विचित्र वाटत होतं.

आमच्या शेजारी कबनूरचे एक पावणं बसले होते. चाळिशीचे, अंगानं भरलेले. यंत्रमागावर काम करताना त्यांचा डावा हात कोपरापासून गेलेला. त्यांनी थोडा वेळ गरिबासारखं बसून बघितलं, पण जमेना.

"मला एक समजंना," ते म्हणाले. "माझा हात परत उगवलाय का ते बघायला बोलावलंय व्हय? उगवला असता तर मी आपणहून पेढे घेऊन आलो असतो की."

मांडवात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. पावणं खुलले. उरलेला उजवा हात पुढं करून म्हणाले, "ह्या एका हातानं आख्ख्या कबनूरला पंज्यात पाडलंय मी. हाय का कोण?"

अक्का माझ्या सांगण्याप्रमाणं मान खाली घालून बसली होती. ती मान तशीच ठेवून म्हणाली, "कबनूरला पाडलासा. कोल्हापुरात अजून कोण भेटलं नसंल."

"अक्का," मी हळूच म्हटलं.

"गप बसलीय की मी," अक्का म्हणाली.

आमचा नंबर लांब होता. मी चहा आणायला गेलो. ही माझी चूक. टपरीवर गर्दी होती, वेळ लागला. परत येताना लांबूनच मांडवातला आवाज ऐकू आला, आणि तो आपल्या नेहमीच्या कोल्हापूरचा होता. माणसांचं कडं झालेलं. कुबड्या वर धरून लोक आत बघत होते. चादरीतलं पोरगं चादर टाकून बाकावर चढलं होतं. दारावरचा सिक्युरिटीवाला, कान मोडलेला जुना पैलवान, मधोमध उकिडवा बसून पंचगिरी करत होता. "कोपर उचलायचं न्हाय. खांदा वाकवायचा न्हाय."

आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर एका बाजूला कबनूरचा हात आणि दुसऱ्या बाजूला, पदर खोचलेली, माझी अक्का.

मी चहाचे कप धरून तसाच उभा राहिलो. अक्काचं मनगट एकदा बाहेर झुकलं. पावणं दात खाऊन जोर लावत होते. मग तिनं श्वास घेतला, आणि शिवणीत अडकलेली सुई काढावी तसा तो हात हळूहळू, अजिबात घाई न करता, खाली नेऊन ठेवला. मांडव दणाणला. पावणं स्वतःच ओरडले, "पाडलं की ओ अक्कानं."

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरला आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात टेप. एका क्षणात सगळे आजारी पडले. कुबड्या खाली आल्या, माना खाली गेल्या, पोरगं परत चादरीत शिरलं. पावण्यांनी उजवा हातसुद्धा शर्टात घातला.

"कोण जिंकलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी अक्काकडं बघून डोळ्यानं नको म्हणत होतो.

"मी," अक्का म्हणाली.

"मग तुम्हीच या आधी."

माझ्या हातातले चहाचे कप कुणी घेतले ते मला आठवत नाही. आत गेल्यावर बाईंनी विचारलं, घरातली कामं कोण करतं, आणि अक्कानं तोंड उघडायच्या आत मीच बोललो. "तिला काही जमत नाही मॅडम. सगळं आम्हीच बघतो."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ताटात टाकून दिलेल्या घासाकडं आई बघायची, तसं.

"मॅडम, ह्यो माझा भाऊ," ती म्हणाली. "कधी बोलत न्हाय, आणि आज बोलला तर खोटं बोलला. त्येच्यावर जाऊ नगासा. सैपाक मी करते. मशीन मी चालवते. स्कूटर हाय, तिच्यावर मोर काढलाय. पर भरलेली कळशी उचलून चार पावलं जाता येत न्हाय, दोनी हातांत कुबड्या असत्यात. एसटीची पायरी चढवत न्हाय. पावसात फरशी ओली झाली की बसून सरकते. पायानं काम टाकलं म्हणून हात असं दणकट झालेत. हात बघून पेन्शन काढणार असशीला, तर पुढच्या खेपंला हातबी वाळवून आणू काय?"

बाईंनी कॅलिपर काढायला सांगितला. दोन्ही पाय टेपनं मोजले, गुडघा वाकवून बघितला, तळवा दाबून बघितला. मी भिंतीकडं बघत होतो. अक्काचा उघडा पाय मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मनगटाएवढा होता.

"पाय होता तसाच आहे," बाई म्हणाल्या. "टक्के आधी होते तेच लिहिते. एसटीच्या पायरीचं, ओल्या फरशीचं सांगितलंत तेही लिहिते. पुढं सरकार काय ठरवेल ते माझ्या हातात नाही." मग जरा थांबून, "बाहेरच्यांना सांगा, असंच खरं सांगा म्हणावं. सकाळपासून कण्हणं ऐकून माझं डोकं उठलंय."

अक्कानं मांडवात जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं, मोठ्यानं. सगळ्यात आधी त्या पोराची चादर निघाली.

रिक्षाची वाट बघत आम्ही दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मी म्हटलं, "अक्का, एक सांगू? मला तुझी काळजी नव्हती. तू माझ्या घरात येशील, ह्याची होती."

हे वाक्य बाहेर पडलं आणि मला वाटलं, आता ती उठून जाईल. तिनं पदरानं मान पुसली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"तू मला कण्हायला शिकवत हुतास, तवा तुझाच घसा कोरडा पडलेला." मग म्हणाली, "मलाबी भ्या वाटतंय लेका. न्हाय असं न्हाय. पेट्रोलाला तुझ्याकडं हात पसरायचा म्हटलं की झोप उडती माझी. पर ते तू बोलंनास, मी बोलंना. आणि खोलीत दोघी हसतोय, तर तू तोंड पाडून बसलास. तुझ्या बायकूला वाटलं, तुला मूळव्याध झाली."

मी हसलो. बऱ्याच वर्षांनी, आवाज करून.

प्रस्तावाचं पुढं काय झालं ते अजून कुणालाच माहीत नाही. ह्या महिन्याची पेन्शन जमा झाली. पुढच्या महिन्याची येईल की नाही, ह्यावर रविवारी चहात वाद होतात. पण संघटनेनं ठरवलं, वाट बघत बसायचं नाही, कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरायचं. त्या दिवशी सकाळी अक्कानं ठेवणीतली हिरवी साडी नेसली, स्कूटर पुसली, मोराच्या डोळ्यावरचा चिखल नखानं काढला आणि सवयीनं म्हणाली, "बस की मागं, सोडते."

"चालतो मी" असं माझ्या तोंडात आलं होतं. लहानपणापासून मी तिच्या चार पावलं पुढं चाललोय, शाळेत, जत्रेत, लग्नकार्यात. स्कूटर आल्यावर पुढं चालता येईना, म्हणून बाजूच्या गल्लीनं जायला लागलो. लंगड्या बहिणीच्या मागं बसलेला माणूस म्हणून कुणी बघू नये, एवढंच त्याचं कारण. दुसरं नव्हतं.

मी मागं बसलो. सीटवर धूळ नव्हती. रोज पुसत असावी.

अक्का गाडी चालवते ती अंगात आल्यासारखी. "ओ पावणं, सरका की," "मामा, म्हस घरात बांधा," असं करत तिनं मला पेठेतून काढलं. सिग्नलला आमच्या अडतीचा हमाल भेटला. माझ्याकडं बघून म्हणाला, "काय ओ, आज गाडी घेतलीसा?"

"गाडी माझीच हाय," अक्का म्हणाली. "ह्यास्नी ड्रायव्हर ठेवलाय."

कचेरीसमोर सगळे जमले होते, इस्त्रीचे कपडे घालून. कबनूरच्या पावण्यांनी दाढी केली होती आणि येताना कुठूनतरी एक स्टूल आणलं होतं. "अक्का, परतीचा डाव ऱ्हायलाय," ते म्हणाले. "आधी कलेक्टर, मग तुमी," अक्का म्हणाली. तिनं कुबड्या माझ्याकडं दिल्या, पायरीवर टेकली आणि घोषणा दिली, आमची पेन्शन आमच्या हक्काची. सगळ्यांनी मागून म्हटली. मीही म्हटली.

अक्कानं मान वळवली. "ऐकू आलं न्हाय," ती म्हणाली.

मी परत म्हटली. पुढच्या पेठेत गेली नसेल, पण रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायला लागला.