पान दोन, पान पाच

रोसविथा पेल्झमन यांनी व्हिएन्नातल्या आमच्या साप्ताहिकात एकोणतीस वर्षं मुद्रितं तपासली. अग्रलेख, वाचकांची पत्रं, शब्दकोडं, जाहिराती, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. तयार पानं बोळातल्या दोरीला चिमट्यांनी टांगलेली असत. बाई वाचत आणि खाली आद्याक्षरं करत. ती नसतील तर पान छापखान्यात जात नसे.

"लग्नाच्या कागदावरसुद्धा इतकं निरखून सही केली नसेल तुम्ही," कुणीतरी चिडवायचं.

"केली असती तर फसले नसते," बाई म्हणायच्या.

निवडणुकीला पाच आठवडे होते. चॅन्सेलरच्या पक्षाने दुसरं पान मतदानापर्यंत विकत घेतलं होतं. त्यात नवल नव्हतं. वर बारीक अक्षरांत 'पैसे घेऊन छापलेला मजकूर' असं छापलं की कायदाही खूश आणि आम्हीही.

त्या मंगळवारी बाईंनी दुसरं पान वाचलं. चॅन्सेलरच्या फोटोखाली होतं: 'ऑस्ट्रियाला आता प्रयोग परवडणार नाहीत, त्याला सरावलेला हात हवा.' मग पाचवं पान, म्हणजे संपादकांचा अग्रलेख. तिसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य, जसंच्या तसं. बाईंना वाटलं, जुळणी करताना चुकून मजकूर इकडचा तिकडे गेला. इतक्या वर्षांनंतरही त्यांना असंच वाटू शकत होतं. दोन्ही पानं घेऊन त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. मीही माझं पान घेऊन तिथेच उभा होतो.

संपादक डॉक्टर विझिंगर पावात घातलेला लेबरकेझ, मांसाचा भाजलेला जाड काप, खात होते. जाहिरात विभागाचा काएटान खिडकीत बसला होता.

"डॉक्टरसाहेब, गोंधळ झालाय. जाहिरातीतलं वाक्य तुमच्या अग्रलेखात शिरलंय."

विझिंगरांनी पाहिलं. "अरेच्चा. काएटान, हे तू मला दाखवलं होतंस का?"

"दाखवलं काय, जेवता जेवता तुम्हीच घडवून दिलंत! पक्षवाले म्हणाले, डॉक्टरांसारखं कुणाला जमत नाही."

"मग अग्रलेखातलं काढू?" बाईंनी विचारलं.

"छे, काढू नका. मुद्दा राहू द्या, शब्द फिरवा. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पेल्झमनबाई." मग हनुवटीवरची मोहरी पुसत ते म्हणाले, "आणि मला कुणी फोनबिन केलेला नाही हं. हे माझं स्वतंत्र मत आहे."

ते खोटं बोलत नव्हते. मला शिसारी आली ती त्याचीच. फोन करावा लागतो तिथे निदान आधी कुणीतरी वेगळं काही म्हणत असतं.

बाई अर्धा तास पान पुढ्यात घेऊन बसल्या. माझं टेबल समोरच होतं.

"करू नका," मी म्हणालो.

"मी नाही केलं तर ते स्वतः करतील. आणि वाईट करतील."

हा त्यांचा जुना आजार. भिकार वाक्य त्यांना सहन होत नसे, मग ते कुणाच्या का तोंडचं असेना. त्यांनी लिहिलं: 'सरावलेल्या हाताची किंमत तो सुटल्यावरच कळते.' वाक्य स्वच्छ होतं. बाईंनी खाली आद्याक्षरं केली आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी दोरीवर नवं दुसरं पान लागलं. तोच फोटो. खाली ठळक अक्षरांत बाईंचं वाक्य, आणि त्याखाली आमच्या साप्ताहिकाचं नाव, जणू आम्ही दिलेलं प्रशस्तिपत्र.

"बघितलंत?" काएटान खुशीत म्हणाला. "अग्रलेखातून उचललं त्यांनी. आता आपल्या नावाने शहरभर लागणार."

"वाक्य माझं आहे."

"काय सांगता! अभिनंदन, बाई! कळवू का त्यांना? वाइनची पेटी तरी पाठवतील."

बाईंनी पान पुन्हा वरपासून वाचलं. सवयीने चूक शोधत होत्या, दुसरं काय. चूक सापडली नाही. मग ही एकसष्ट वर्षांची बाई, जिला मी रस्त्यावर कधी साधं खाताना पाहिलं नव्हतं, पुढे झाली आणि आद्याक्षरांच्या जागी थुंकली. रुमालाने ओठ टिपले, कोट घेतला आणि जिना उतरून गेली.

काएटानने पानाची दुसरी प्रत काढून स्वतःची आद्याक्षरं केली. अंक वेळेवर निघाला. पहिली प्रत काढून टाकायला माझ्यासकट कुणी पुढे झालं नाही. ती दोरीवर संध्याकाळपर्यंत वाळत राहिली.