‘बसेल’ म्हणणारा शेजारी

मागून दबलेला आणि पुढून नाक वर केलेला पिकअप रस्त्यात दिसला, की ते प्रकरण मला आजही आठवते. अमेरिकेत कोलंबसजवळच्या एका उपनगरात मी पोलीस डिटेक्टिव्ह होते. लहानपणी आईवडिलांबरोबर नागपूरहून आले, त्यामुळे पोलीस ठाण्यात मराठी माणूस आला की फाइल माझ्या टेबलावर यायची.

त्या उन्हाळ्यात एका सॉफ्टवेअरवाल्याने जुना कॅम्पर विकत घेतला. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात ठेवून साखळ्यांनी बांधायची छोटी खोली, आत पलंग, शेगडी, सिंक. त्याचा पिकअप हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला. पहिल्याच सहलीला हायवेच्या वळणावर कॅम्पर डोलला, सुटला आणि पिकअप कठड्यावर आदळला. बायकोच्या खांद्याचे हाड मोडले. मुली थोडक्यात वाचल्या.

अपघात म्हणून नोंद झाली. मग त्यांच्याच गल्लीतल्या एका काकूंचा फोन आला. “माझं नाव घालू नका. पण त्यांच्या शेजारचा माणूस त्या सकाळी पाना घेऊन कॅम्परपाशी वाकला होता.”

मी कॅम्परच्या मालकाला भेटले. तो म्हणाला, “तो जळतो आमच्यावर, मॅडम. आमचं ग्रीन कार्ड आधी आलं ना.”

शेजाऱ्याला चौकशीला बोलावले. तो अजून वर्क व्हिसावर होता, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला. बसायच्या आधीच म्हणाला, “ताई, केस झाली तर आमचा इथला संसार संपला.”

“ताई घरी. इथे विचारलं त्याचं उत्तर द्या.”

माझी पद्धत ठरलेली: आधी पाणी, मग इकडचे तिकडचे प्रश्न, आणि कोणत्या प्रश्नाला माणूस खुर्चीत सरकतो यावर लक्ष. माझ्या अमेरिकन सहकाऱ्याने इंग्रजीत सुरुवात केली. साखळ्या सैल केल्या का? नाही. मग पाना कशाला? त्यावर तो एवढेच म्हणाला, “त्याने घेण्याआधी मला विचारलं होतं. आय टोल्ड हिम, इट विल सिट.”

बाहेर आल्यावर सहकाऱ्याने मला विचारले, “बसणार कोण? कॅम्पर की कुत्रा?”

मला हसू आले, आणि गाठ कुठे आहे तेही कळले. मी आत जाऊन मराठीत विचारले, “त्याचे नेमके शब्द सांगा.”

“दादा, बसेल ना, म्हणाला. मी टेप लावून हौदा मोजला. बसेल म्हणालो.”

“मापाने बसेल. वजनाने?”

तो खुर्चीत सरकला. “पिकअपच्या दारावर लिहिलेलं असतं, किती भार चालतो ते. कॅम्पर जवळपास दुप्पट होता. मला माहीत होतं. मलाही असाच घ्यायचा होता, सगळं वाचून ठेवलेलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“सांगितलं असतं तर त्याने मोठा पिकअप घेतला असता.”

पुढचे न विचारता आले. “इथे आला तेव्हा एअरपोर्टवरून मी आणला त्याला. झोपायला पहिली गादी माझी, ड्रायव्हिंग मी शिकवलं. आता माझी पोरं रविवारभर त्याच्या कॅम्परच्या पायरीवर. बायको म्हणते, किती हौशी आहेत ना ते. वाटलं, एकदा फजिती होऊ दे. टायर बसेल, परत येतील, गल्ली हसेल. एवढंच. निघायच्या दिवशी मात्र भीती वाटली. पाना घेतला आणि साखळ्या आवळल्या.”

तपासणीतही तेच निघाले. साखळ्या घट्ट होत्या, फाटला होता तो हौद्याचा पत्रा. म्हणजे पाना मारण्याची त्याने तसदी घेतली, एक वाक्य बोलण्याची नाही. गप्प राहण्यासाठी आमच्याकडे कलम नव्हते. साखळ्यांशी छेडछाड नाही, जादा भार, असा शेरा मारून मी फाइल बंद केली आणि त्याला म्हटले, “बाकीचं मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

अहवाल द्यायला मी त्यांच्या गल्लीत गेले. मालकाने तो वाचला आणि तडक शेजारच्या दारात जाऊन त्याचे हात धरले. “चुकलो, दादा. तुम्ही तर आवळत होतात.”

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्याने हात सोडवून घेतले आणि मान खाली घालून सगळे सांगितले. मालकाने ऐकून घेतले आणि घरी जाऊन गॅरेजचे दार खाली केले. पुढे बरेच महिने दोन्ही घरांत बोलणे नव्हते.

माझ्या चौकशीच्या यादीत तेव्हापासून एक प्रश्न वाढला. काय केलंत, हे विचारून झाले की मी विचारायचे, काय माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न उपयोगी पडला. मत्सर मात्र कबुलीने जात नाही. त्याला बोलायची सवय लावता येते, इतकेच.

अपघाताच्या पुढच्याच उन्हाळ्यात ठाण्यात त्या शेजाऱ्याचा फोन आला.

“ताई, त्याने नवा पिकअप घेतला. मोठा, मागे चार चाकांचा. काल स्वतः येऊन विचारलं, दादा, बसेल ना.”

“मग?”

“दारावरचा आकडा वाचला, कॅम्परचं वजन ताडून पाहिलं. बसतोय.” आणि पुढे म्हणाला, “फार छान बसतोय हो, तेच सहन होत नाही. पण सांगितलं.”