बाबा अजून पहिले येतात

हैदराबादमध्ये मराठी गुरुजी शोधायला बसलात, तर पहिलं नाव माझ्या बाबांचं येतं. फोटो, फोन नंबर, तारनाक्याचा पत्ता आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत ‘आत्ता उपलब्ध’. बाबांना जाऊन वर्ष होत आलंय. आणि ही करामत दुसऱ्या कुणाची नाही, माझी आहे.

माझा धंदाच तो. दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट गूगलवर वर आणून द्यायच्या. दिलसुखनगरच्या साड्यांच्या दुकानांपासून हिमायतनगरच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मी एकच रडगाणं ऐकवते: तुम्हाला काय सांगायचंय ते गेलं खड्ड्यात, लोक काय विचारतात ते लिहा. डॉक्टरांना आपली पदवी वर हवी असते. अहो, दाढ ठणकणारा माणूस पदवी टाइप करतो का? तो ‘दाढ दुखतेय काय करू’ असंच टाइप करतो.

बाबा माझं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. त्यांना पानाच्या माथ्यावर ‘वेदशास्त्रसंपन्न’ हवं होतं. मी म्हटलं, “बाबा, हे कोण शोधणार? ही आयटीतली पोरं धड मराठी वाचत नाहीत, इंग्रजी अक्षरांत ‘मराठी गुरुजी नियर मी’ टाकतात.” ते म्हणाले, “नियर मी म्हणजे काय गं?” मी म्हटलं, “माझ्या जवळ.” त्यावर हसून म्हणाले, “हौ, मग तेच टाक. गुरुजी जवळच बरा.”

मग रोज दुपारच्या चहानंतर आमची बैठक बसायची. ते वेताच्या खुर्चीत, मी लॅपटॉपवर. एका पानावर एकच विषय, मुंज वेगळी, वास्तुशांत वेगळी, श्राद्ध वेगळं. लोक फोनवर जे प्रश्न विचारतात तेच मथळ्यात आणि उत्तर पहिल्याच ओळीत, पाल्हाळ नंतर. हे शेवटचं बाबांना जमायला दोन महिने लागले, कारण गुरुजी माणूस, संकल्पाशिवाय वाक्य सुरू करणार नाही. मी वैतागून ओरडायचे, “आधी हो की नाही ते सांगा!” ते सांगायचे, मी टाइप करायचे. निम्मं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात असायचं, हे आज कबूल करते. पत्ता आणि नंबर मात्र झाडून सगळीकडे अगदी एकसारखा टाकला, कारण त्यात कानामात्रेचा फरक झाला तरी गूगल बिचकतं. सहा महिन्यांत बाबा पहिले आले. मी पेढे आणले होते.

आणि मार्गशीर्षात बाबा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. अग्नी नांदेडच्या चुलतभावानं दिला, मी बाजूला उभी राहिले. मला भाऊ नाही.

फोन मात्र वाजत राहिला. आईनं तो बंद करू दिला नाही. रोज सकाळी देवाच्या आधी ती बाबांचा मोबाइल चार्जिंगला लावायची. कुणी विचारलं, गुरुजी आहेत का, तर म्हणायची, “हे बाहेर गेलेत. काय काम होतं?” आणि समोरच्याचं गोत्र, तीन पिढ्यांची नावं, तिथी, सगळं वहीत व्यवस्थित उतरवून घ्यायची. आई बाबांना जन्मभर ‘हे’च म्हणत आली. त्यांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, आमच्याकडे बायका ते घेतच नाहीत. मी तिला दोनदा टोकलं. ती म्हणाली, “सांगते गं हळूहळू.” मला वाटलं, नंतर कळवत असेल त्यांना, करते मन रमवायला, करू दे. चूक माझी.

सर्वपित्रीला दुपारी तीन वाजता फोन आला आणि त्या दिवशी तो मी उचलला. दिलसुखनगरची बाई, बोलण्यावरून पुण्याकडची असावी. “गुरुजी निघालेत का हो? स्वयंपाक सकाळीच झालाय. सासरे सत्तरीचे, श्राद्ध झाल्याशिवाय तोंडात पाणी घेणार नाहीत म्हणतायत. आता त्यांना चक्कर यायला लागलीय.” मी वही ओढली. आईच्या अक्षरात त्यांचं गोत्र, नावं आणि पुढे ‘साडेदहा’ असं लिहिलेलं. म्हटलं, “गुरुजी वारले. आधी त्यांना काहीतरी खायला घाला.” ती एवढंच म्हणाली, “आधी सांगितलं असतंत तर दुसरं कुणी बघितलं असतं हो.”

मी आईवर अशी काही खेकसले की शेजारच्या तेलुगू बाई दारात येऊन “एमैंदी?”, काय झालं, म्हणून विचारायला लागल्या. “एक म्हातारा मेला असता आज! आत्ताच्या आत्ता पान उडवते.” आईनं माझा हात धरला. “उडवू नकोस. तेवढं एकच ठिकाण आहे जिथं हे अजून आहेत.”

खरं सांगायचं तर उडवूनही काही झालं नसतं. मी गिऱ्हाइकांना सांगते तेच: जुनं पान पुसलं म्हणून ते जात नाही. दहा साइटनी बाबांची माहिती उचलून आपल्याकडे छापली होती. एकीकडे काढली की दुसरीकडे वर यायची. मी फोटोखाली ‘हसतमुख मराठी गुरुजी’ असं लिहिलं होतं, त्यामुळे भलत्याच शोधातही बाबा हसत समोर यायचे. भरदुपारी अंगावर काटा यायचा. माणसाला जाऊ द्यायची वेळ आली आणि मी त्याला चारी बाजूंनी खिळे ठोकून ठेवलेलं.

उपाय एकच होता. पान ठेवायचं आणि पहिल्या ओळीत खरं ते लिहायचं. मी रोज बसायचे. लोकांना दहा मिनिटांत मथळे पाडून देणारी मी, कर्सर लुकलुकत राहायचा आणि मला ते एक वाक्य लिहवेना. आईला बोल लावत होते, आणि मी तरी कुठे काय वेगळं करत होते?

मार्गशीर्ष जवळ आला. वर्षश्राद्धाला चुलतभाऊ येणार होता, तो घसरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, मी करते. बाबांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका गुरुजींना फोन केला, तर ते अडखळले. “मुलीच्या हातून? चालेल का ताई? वाडवडिलांचं काम, मला नंतर बोल नको.” मी रागानं फोन आपटला आणि मग जगातला कुठलाही अडलेला माणूस करतो तेच केलं. माझी सगळी अक्कल विसरून गूगलवर टाकलं: मुलीनं वडिलांचं श्राद्ध केलं तर चालतं का.

पहिला फोटो बाबांचा.

खाली उत्तर, पहिल्याच ओळीत, मी शिकवलं होतं तसं: ‘चालतं. शास्त्रातला आधार खाली देतो. पण मला विचाराल तर मला एकच मुलगी आहे आणि माझं तिनंच करावं.’

हे मी टाइप केलं होतं. माझ्याच बोटांनी. त्या खुर्चीतून बाबा मला ते सांगत होते आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. मला हुंदका आवरेना. स्वयंपाकघरातून आई धावत आली. मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

तिनं पदराला हात पुसले, बाबांचा मोबाइल उचलला आणि त्या गुरुजींना लावला. “माझी मुलगी करेल,” ती म्हणाली. “ह्यांनीच लिहून ठेवलंय, वाचून घ्या. मग सांगा, येता का नाही.”

गुरुजींचा आवाज मलाही ऐकू आला. “काकू, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं. येतो. गोत्र माहीत आहे, तीन पिढ्यांची नावं तेवढी सांगा. ताईंच्या वडिलांपासून.”

वर्षभर लोकांची नावं उतरवून घेणारी माझी आई. तिनं वही उघडली नाही. भिंतीचा आधार घेतला, डोळे मिटले आणि बाबांचं नाव घेतलं. स्पष्ट, पूर्ण नाव. मग माझ्या आजोबांचं, मग पणजोबांचं.

फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि वर्षात पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. मी लॅपटॉप ओढला आणि पानाची पहिली ओळ लिहिली: ‘गुरुजी वारले. त्यांची उत्तरं खाली आहेत.’